दस्तगीर मास्तरांची सामाईक फाईल

“हा प्रिंटर आहे कुठे, मास्तर?”

निनादनं उभ्यानंच विचारलं. खुर्ची रिकामी होती, तरी.

दस्तगीर मास्तर बशीतला चहा फुर्रकन ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला प्रिंटर?”

“रोज टर्मिनल उघडलं की पहिली ओळ येते, ‘प्रिंटर सापडला नाही’. मग पडदा थांबतो. आम्ही सगळे थांबतो. त्यानंतर कुठे काम सुरू होतं. तो प्रिंटर आहे कुठे?”

“तो व्हय...” मास्तरांनी बशी खाली ठेवली. “तो गेला. लई वर्षं झाली.”

“गेला म्हणजे?”

“भंगारात.”

“मग त्याची ओळ फाईलमध्ये का आहे?”

मास्तरांनी मिशीवरचा चहा पुसला.

“राहिली,” ते म्हणाले.

जागा सांगलीतलं हळदीचं जुनं गोदाम. हळद कधीच हलली, पिवळेपणा राहिला. तो भिंतींवर आहे, खिडकीच्या गजांवर आहे, कीबोर्डच्या फटींत आहे. मास्तर साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले आणि इथे शिकवायला बसले. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कमांड लिहून मशीन चालवायचं, एवढंच शिकवायचे. फी घेत नसत, म्हणून लोक त्यांना फकीर म्हणत. फकीर कसला, पेन्शन वेळेवर यायची.

शिष्य तिघे. निनाद सावर्डेकर पुण्याच्या कंपनीतून परत आलेला, स्वतःच्या बोटांच्या वेगावर फिदा. श्यामल घाटगे रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळायची. कुठल्या गटाची बाटली कुठल्या कप्प्यात आहे, ते त्या सर्व्हरला विचारल्यावर कळायचं. आणि बापू कुंभोजे. नोकरी संपल्यावर घरात नको झाले म्हणून इकडे आलेले. एका बोटानं टायपायचे आणि दोन्ही हातांनी सल्ले द्यायचे.

टर्मिनल उघडलं की मशीन आधी एक फाईल वाचतं. पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार, लांबलचक कमांडसाठी ठेवलेलं छोटं नाव, सगळं त्या फाईलमध्ये. बाकी जगात ज्याची त्याची फाईल वेगळी. इथे एकच, सामाईक. ती एका जागी बदलली की गोदामातल्या सगळ्या मशीनवर बदलायची, रक्तपेढीच्या सर्व्हरवरसुद्धा. कुणी कुठेही बसलं तरी हाताला तेच लागावं, म्हणून.

ती बदलायचा हक्क एकट्या मास्तरांचा. निनादला तो हक्क हवा होता.

“तुमच्या आळसाची शिक्षा आम्ही रोज का भोगायची?” तो म्हणाला.

श्यामलचे हात थांबले. बापूंनी चष्मा काढला. भांडण ऐकताना ते चष्मा का काढतात, त्यांनाच ठाऊक.

“आळस...” मास्तरांनी शब्द तोंडात घोळवला. “बरोबर हाय. आळसच.”

निनाद लढायच्या तयारीनं आला होता. समोरचा आधीच आडवा झाला, म्हणून तो जास्तच चिडला.

“ही माझी फाईल बघा. कॉलेजपासून घडवलीय.”

मास्तरांनी बघितली. हजारभर ओळी होत्या. ते बोटानं खाली सरकवत गेले... सरकवत गेले... मध्येच थांबले.

“ही ओळ काय करती?”

“ती... लागते.”

“कशाला?”

“काढली की काहीतरी बिघडतं.”

“काय?”

“ते बघितलं नाही. पण बिघडतं.”

“हं.” मास्तर परत सरकवायला लागले. “आपलं दोघांचं जमंल.”

श्यामल हसली. निनाद नाही हसला.

“मास्तर, सरळ बोलतो. माझी फाईल सामाईक करा आणि ती सांभाळायचं काम मला द्या. तुमच्यानंतर ती कुणाकडे जाणार आहे? बापूंकडे?”

“का?” बापू म्हणाले. “माझ्यात काय कमी आहे?”

“तुम्ही एका बोटानं टायपता, बापू.”

“पण चुकत नाही.”

“चुकता. हळू चुकता.”

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत त्यांनी कीबोर्ड निनादकडे सरकवला.

“लाव तुझी फाईल.”

“खरंच?”

“आजपास्नं तुझी फाईल सगळ्यांची.”

“आणि हक्क? तो माझा?”

“संध्याकाळी बघू.”

निनादनं तिथल्या तिथे फाईल लावली. मास्तरांची फाईल गेली, प्रिंटरही गेला. पडदा डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. हे त्यानं करून दाखवलं, हे मान्य करायला हवं. मास्तरांनी इतकी वर्षं केलं नव्हतं.

मास्तर कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. लोक याला ध्यान म्हणायचे. घोरण्याचा आवाज येत होता.

“निनाद!” बापूंनी हाक मारली. “माझं मशीन मला तुझं नाव घेऊन नमस्कार करतंय.”

“तो स्वागताचा संदेश आहे, बापू.”

“पण मी बापू आहे.”

“करतो दुरुस्त.”

“श्यामल, तुझ्यात काय आलंय?”

“आज मीपण निनाद,” श्यामल म्हणाली.

थोड्या वेळानं बापू उठून बाहेर गेले. परत आले ते मास्तरांचा दोरीवर वाळत घातलेला सदरा घेऊन.

“हे काय?” निनादनं विचारलं.

“पाऊस येतोय.”

बाहेर चैत्रातलं ऊन. पत्रा तडतडत होता, कुत्रं टाकीच्या सावलीत जीभ काढून पडलं होतं.

“कोण म्हणालं?”

“मशीन. हे बघ, कोपऱ्यात ढग काढलाय. लिहिलंय, पाऊस.”

निनादनं कपाळावर हात मारला. “ते पुण्याचं हवामान आहे, बापू. मी पुण्यात होतो तेव्हा घातलेली ओळ. बदलायची राहिली.”

“राहिली?” श्यामल म्हणाली. “अगदी मास्तरांसारखं म्हणालास.”

बापू मात्र विचारात पडले. त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरला आणि लेकीला लावला.

“छत्री घेतलीस का गं?... नाही ना? मग घे... मला कसं कळलं? आम्हाला इथे सगळं कळतं.”

फोन ठेवून ते निनादकडे वळले.

“तुझी फाईल चांगली आहे, पुणेकर.”

त्या सकाळचं हे पहिलं कौतुक. निनादनं ते घेतलं नाही, पण कान लाल झाले.

मग हाका सुरूच झाल्या. निनाद, मी एकच अक्षर दाबलं तर ह्यानं सगळं पुसायचं का विचारलं? निनाद, मराठी लिहिलं की चौकोन येतात. निनाद, हे वाजलं का? वाजणं बंद कसं करायचं? निनाद, ते परत वाजलं. तो या खुर्चीमागून त्या खुर्चीमागे पळत होता. प्रत्येकाच्या हातातला कीबोर्ड ओढून घ्यायचा, खटाखट काहीतरी लिहायचा, परत द्यायचा. काय केलं ते कुणाला कळायचं नाही. त्याचं स्वतःचं काम सकाळपासून उघडलेलंही नव्हतं.

“सर्व्हरवर गेले तरी हाच बाण?” श्यामलनं विचारलं.

आधीच्या फाईलमध्ये ओळ सुरू होण्याआधी मशीनचं लांबलचक नाव यायचं. निनादनं ते काढून एक सुबक बाण ठेवला होता.

“सगळीकडे हाच. सामाईक म्हणजे एकसारखंच असणार ना?”

“मग मी कुठे आहे ते कसं कळायचं?”

“ते डोक्यात ठेवायचं. पडद्यावर कशाला?”

“माझं डोकं लहान आहे.”

“सवय होईल.”

निनादची एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली. मशीन बंद करायची कमांड मोठी आणि कटकटीची. त्यानं तिला नाव दिलं होतं ‘रामराम’. तेवढं टाकून एंटर मारलं की मशीन बंद. बापूंनी नुसत्या हौसेपोटी मशीन तीन वेळा बंद केलं.

जेवायच्या आधी श्यामल म्हणाली, “सर्व्हर जरा मंद वाटतोय. बघतोस?”

निनादनं आपल्याच मशीनवरून सर्व्हरमध्ये शिरून बघितलं. एक जुना प्रोग्रॅम अडकून पडला होता, तो त्यानं सोडवला. श्यामल बघत असताना तो नेहमीपेक्षा जास्त वेगानं टायपायचा; आत्ताही टायपला.

“झालं. चला जेवायला.”

जेवायला उठताना मशीन बंद करायचं, ही मास्तरांची शिस्त. निनादनं रामराम टाकलं. एंटर. पडद्यावर काहीतरी हललं आणि परत बाण येऊन उभा राहिला.

लागलं नाही वाटतं, असं म्हणून त्यानं परत रामराम टाकलं. या वेळी पडदा काळा झाला.

डब्यांची झाकणं निघाली. श्यामलचा फोन वाजला.

“हो... बोला ताई... बंद? काहीच दिसत नाही?... पंखा तरी फिरतोय का त्याचा?... बरं. बरं. येतंय कुणीतरी.”

तिनं फोन ठेवला. निनादकडे बघितलं.

“तू रामराम कुणाला केलास?”

“माझ्या मशीनला.”

“किती वेळा?”

“एकदा लागलं नाही, म्हणून परत...”

सर्व्हरमधून तो बाहेर पडलाच नव्हता; पहिला रामराम तिथे लागला होता. हातातला घास डब्यात परत गेला.

बंद पडलेल्या सर्व्हरला लांबून उठवता येत नाही. तिथे जाऊन बटण दाबावं लागतं. तो कुलूपबंद कपाटात, आणि किल्ली श्यामलकडे. तिनं ती निनादच्या अंगावर फेकली.

“तू जा.”

बापूंनी स्कूटर काढली. निनाद मागे बसला. ती चूकच झाली.

“जोरात घ्या, बापू.”

“जोरातच आहे.”

“सायकलवाला पुढे गेला आपल्या!”

“तो तरुण आहे.”

रक्तपेढीत खिडकीपाशी एक माणूस उभा होता. हातात डॉक्टरची चिठ्ठी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बायको बाळंतपणाच्या टेबलावर होती. आत मघाशी फोन केलेल्या ताई फ्रीजमध्ये डोकं घालून एकेका बाटलीवरचा गट वाचत होत्या.

निनादनं कपाट उघडलं, बटण दाबलं. मशीन घरघरलं. उठायला त्यानं आपला वेळ घेतला.

“तुम्ही दुरुस्त करणारे का?” त्या माणसानं विचारलं.

निनाद पडद्याकडेच बघत होता.

“नाही. मी बंद करणारा.”

त्या माणसाला काही कळलं नाही. कळायला त्याचं डोकं जागेवर नव्हतं. एवढ्यात पडदा उजळला. ताईंनी गट टाकला, कप्पा आला, बाटली हातात आली. माणूस ती छातीशी धरून धावत सुटला. निनाद त्याच्या दोन चपलांकडे बघत राहिला, तो वळणाआड जाईपर्यंत.

ते गोदामाकडे परत निघाले. बापू वेग वाढवायला तयार होते, पण आता त्यालाच घाई नव्हती.

आल्या आल्या तो मशीनवर बसला. आपली फाईल उघडली आणि वरपासून खालपर्यंत पुसली. स्वागत, ढग, बाण, रामराम, ती ‘लागते’ म्हटलेली ओळसुद्धा. काही बिघडलं नाही.

मग तो उठून मास्तरांसमोर उभा राहिला. मान खाली. झोप झाल्यामुळे मास्तर ताजेतवाने होते.

“काय केलंस?”

“फाईल रिकामी केली. मी या लायक नाही, मास्तर.”

त्याला वाटलं, आता मास्तर पाठीवर हात ठेवतील. अशा वेळी ठेवतात.

“कुणाला विचारून?” मास्तर म्हणाले.

“माझीच तर होती.”

“सकाळी सगळ्यांची केली हुतीस की.”

निनाद परत मशीनकडे वळला.

“अरे, माझी अक्षरं बारीक झाली!” पलीकडून श्यामल ओरडली.

“आणि पुण्याचं काय झालं?” बापू म्हणाले. “पोरगी घरी पोचेपर्यंत तरी ठेवायचंस.”

“मग मास्तरांची जुनी फाईल परत लावतो!”

“प्रिंटरसकट?” मास्तरांनी विचारलं.

निनाद जमिनीवरच बसला. पिवळ्या फरशीवर. नवी पँट होती.

“माझी लावली तरी चूक. काढली तरी चूक. तुमची लावली तरी चूक. मग मी करू तरी काय?”

मास्तर उठले. त्या दुपारी पहिल्यांदा. गुडघे दोनदा वाजले. त्यांनी निनादला काखेत धरून उभं केलं, त्याच्याच मशीनसमोर नेलं, आणि त्याचे दोन्ही हात मागे घेऊन मनगटं घट्ट धरली. पोलीस धरतात तशी.

“बापू, बसा हितं.”

“मी? ह्याच्या मशीनवर?”

“सर्व्हर नीट उठलाय का बघा.”

बापूंनी चष्मा लावला, बोट चोळलं. पडद्यावर आता काहीच नव्हतं, नुसतं एक डॉलरचं चिन्ह.

बापूंनी एक अक्षर टाकलं. कीबोर्डवर दुसरं शोधायला लागले.

निनादचे हात हलले. मास्तरांनी दाबले.

“तिसऱ्या ओळीत, बापू, डावीक...”

“तोंडबी धरू का?” मास्तर म्हणाले.

बापूंना अक्षर सापडलं. मग पुढचं. एक चुकलं, खोडलं. परत तेच चुकलं. निनादच्या पायाची बोटं चपलेत वळत होती. श्यामल खुर्ची फिरवून हा तमाशा बघत बसली होती; डबा तिनं मांडीवर घेतला होता.

अखेर बापू सर्व्हरमध्ये शिरले. तिथेही तेच डॉलरचं चिन्ह. बापू थांबले. डोकं खाजवलं.

“आता मी कुठे आहे?”

बापूंनी मशीनला त्याचं नाव विचारायची कमांड टाकली, एकेक अक्षर करत. नाव आलं. बापूंनी ते मोठ्यानं वाचलं, “रक्तपेढी,” आणि पुढे निघाले. एक कमांड झाली. परत थांबले.

“मी कुठे आहे?”

परत नाव विचारलं. परत वाचलं.

“बापू,” निनाद हळूच म्हणाला, “आत्ताच तर विचारलंत.”

“विसरलो. तू नाही विसरत?”

मागे मास्तरांच्या हातात त्याची मनगटं ढिली पडली.

“विसरतो,” निनाद म्हणाला.

बापूंचं बोट परत अक्षर शोधायला लागलं. निनादनं या वेळी बोटाकडे बघितलं नाही. बापूंकडे बघितलं. कमांड शोधताना ते वैतागत नव्हते. वैतागत होते ते फक्त एकाच जागी; कुठे आहोत ते आठवताना त्यांची मान आखडायची आणि ओठ हलायचे.

“बापू... ते नाव न विचारता दिसेल, असं करू का? दर ओळीच्या आधी? सर्व्हरवर असलात तर लाल रंगात?”

त्यानं कुणाला ‘करू का’ असं विचारलेलं त्या गोदामात पहिल्यांदाच ऐकू आलं.

“कर की,” बापू म्हणाले. “पण लाल नको.”

“का? लाल म्हणजे धोका. लगेच कळतं.”

“मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं.”

“हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!”

“तू कधी विचारलंस?... आणि आधी मागे सरक. मानेवर श्वास सोडतोयस मघापासून. गरम होतंय.”

श्यामलला ठसका लागला, भाताचं शीत नाकात गेलं. निनादही हसला. मास्तरांनी त्याचे हात सोडले.

निनाद एक पाऊल मागे झाला. हात मोकळे होते, पण त्यानं ते कीबोर्डकडे नेले नाहीत. बापूंचं काम पुरं होईपर्यंत तो उभा राहिला. सर्व्हर नीट होता. तसं बापूंनी जाहीर केलं, जणू त्यांनीच तो जन्माला घातला होता.

मग निनाद शेजारच्या मशीनवर बसला. रिकामी फाईल उघडली. एक ओळ लिहिली, रंग काढून टाकला. सर्व्हरचं नाव येईल तिथे अक्षरं ठळक केली, दोन्ही बाजूंना चौकटी कंस घातले. बापूंना दुरून दाखवलं. बापूंनी चष्मा वर केला, खाली केला, मान हलवली.

निनाद आरामखुर्चीपाशी गेला. मास्तरांनी डोळे मिटले होते.

“मास्तर, एवढी एकच ओळ झालीय. घालू का फाईलमध्ये?”

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

“मला काय विचारतोस, लेका? फाईल तुझी आता... श्यामलला विचारलंस का?”